एका मदरबोर्डची उत्तरपूजा

माझ्या धंद्यातले सर्वांत निर्दोष काम कोणते, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे. मीच विकलेले नवे भाग माझ्याच हाताने काढले आणि त्यांच्या जागी जुने बसवले, ते काम. बाकीची कामे बरी होती.

पेणला बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत माझे संगणक दुरुस्तीचे दुकान होते. आज तेथे चष्मे मिळतात. मी प्रथम रेडिओ उघडले, नंतर दूरचित्रवाणी संच, नंतर संगणक. या प्रवासाचे वर्णन करून वाचकांना शिक्षा देण्याचा माझा विचार नाही. लोक मला नाना म्हणत. पाठीमागे काय म्हणत, ते मला माहीत आहे; येथे लिहिण्याजोगे नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. टेबलाखाली जो उभा डबा असतो त्याला सगळे जण ‘सीपीयू’ म्हणतात. ते चूक आहे, परंतु मी सुधारणे केव्हाच सोडून दिले. डब्याच्या आत एक मोठी हिरवी पाटी असते, तो मदरबोर्ड. बाकीचे सर्व भाग तिच्यावर बसतात. हार्ड डिस्क म्हणजे कपाट. मजकूर तेथे कायमचा राहतो. रॅम म्हणजे काम करण्याचे मेज. मेज जितके मोठे तितके कागद एकाच वेळी पसरता येतात. संगणक जुना झाला की लोक नवा घेण्याऐवजी डबा तोच ठेवून आतले भाग बदलून घेतात. त्याला अपग्रेड म्हणतात. ग्राहकाला वाटते, खर्च वाचला. दुकानदाराला वाटते, ग्राहक वाचला. दोघेही आपापल्या परीने समाधानी असतात.

आमच्या भागात संगणकाला दोन शत्रू. एक खाडीवरची खारी हवा. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात हिरवट होतात आणि यंत्र सुरू होत नाही. त्यावर उपाय म्हणजे शाळकरी मुलांचे खोडरबर. दात घासायचे, पट्टी पुन्हा बसवायची. माझ्या कीर्तीचा निम्मा भाग या खोडरबराचा आहे. ग्राहकाला ते दिसू नये म्हणून मी पाठ करून बसत असे. दुसरा शत्रू पाणी. एकदा आंबा नदी घरात शिरून गेल्यानंतर नागोठण्याचे एक गृहस्थ आपला डबा घेऊन आले. उघडला तर आत गाळ आणि गाळात एक खेकडा.

“नाना, हा जित्ता हाय,” ते आशेने म्हणाले, “म्हंजे मशीनपन असंल.”

दोघांपैकी खेकडा जगला.

आता मूळ गोष्ट. ती तीन-चार वर्षांपूर्वीची आहे.

रोह्याला तहसील कचेरीसमोरच्या एका बंदिस्त ओसरीवर प्रमिलाबाईंचे टेबल होते. प्रतिज्ञापत्रे, वारस नोंदीचे अर्ज, हक्कसोडपत्रे आणि लग्नसराईत पत्रिका असे सर्व मराठी टंकलेखन त्या करीत. वय पंचावन्नच्या पुढे. तरुणपणी टंकलेखन यंत्रावर हात बसलेला. संगणक आल्यावर त्याच अक्षरक्रमाचा एक जुना मराठी प्रोग्रॅम त्यांनी घेतला आणि पुढे तोच चालवला. टाइप करताना त्या कळांकडे पाहत नसत, पडद्याकडेही फारसे नाही. समोर बसलेल्या माणसाकडे पाहत. माणूस बोलत जाई आणि त्याचे बोलणे संपता संपता अर्ज तयार होई. यजमानांना पाठीच्या दुखण्यामुळे कंपनीतली नोकरी सोडावी लागली होती. घर या टेबलावर चालत होते. समोरच्या ओसरीवर नुकताच एक तरुण लॅपटॉप घेऊन बसू लागला होता.

त्यांनी मला बोलावले ते डब्यातल्या पंख्याच्या आवाजासाठी.

“नाना, आत काय तरी घरघरतंय. तेवढं बघा.”

पंख्याला तेलाचा एक थेंब पुरला असता. परंतु मी डबा उघडला, आतली पाटी पाहिली आणि माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. इतकी जुनी पाटी मी संग्रहालयातही पाहिली नव्हती. अर्थात संग्रहालयातही मी कधी गेलो नव्हतो. मी विचारले, “हा सुरू व्हायला किती वेळ घेतो?”

“बटन दाबते, ओसरी झाडते, देवाला अगरबत्ती दाखवते, च्या घेते. तोवर होतो.”

“नवे भाग टाकले तर बटण दाबताच सुरू होईल.”

“मंग ओसरी कदी झाडू?”

हा प्रश्न मी विनोद समजलो. पुढे मी वेगाचे महत्त्व या विषयावर बोललो. बराच वेळ बोललो. शेवटी त्या म्हणाल्या, “तुमी म्हंताय तर करा. मला त्यातलं कळत नाय.” मला नेमके तेच हवे होते.

शनिवारी कचेरी बंद असते. तो दिवस धरून मी रोह्याला गेलो. नवा मदरबोर्ड, नवी रॅम, नवी डिस्क. जुन्या डिस्कवरचा सर्व मजकूर नव्या डिस्कवर उतरवला आणि जुनी डिस्क त्यांच्याच टेबलाच्या खणात ठेवली. या साऱ्या प्रकरणात मी केलेली शहाणपणाची गोष्ट एवढीच. डब्यामागे प्रिंटरच्या जागी काडेपेटीएवढा एक ठोकळा खोचलेला होता. नव्या पाटीला तशी जागाच नव्हती. मी तो उपटून खाली ठेवला.

“नाना, हे ऱ्हायलं तुमचं,” बाई म्हणाल्या.

“टाकून द्या. जुन्या प्रिंटरचे असेल.”

त्यांनी ते टाकले नाही. पुसून कुंकवाच्या डबीशेजारी ठेवले. त्या काही टाकीत नसत.

मी बटण दाबले. संगणक क्षणात सुरू झाला. मी एक गाणे वाजवून दाखवले, इंटरनेट उघडून रोह्याचे हवामान दाखवले. ते दाराबाहेर दिसत होते, तरी दाखवले. बाईंचा मराठी प्रोग्रॅम उघडून पाहावा, हे मला सुचले नाही. ज्या एका कामासाठी ते यंत्र तेथे होते, तेवढे सोडून बाकी सर्व मी तपासले. जुना मदरबोर्ड त्याच्या रॅमसकट बदल्यात घेतला आणि पेणला परतलो.

दुसऱ्या दिवशी रविवारी पेणचे वसंतशेठ दुकानात धावत आले. त्यांचा गणपतीचा कारखाना. विजेच्या कडकडाटात त्यांच्या संगणकाची पाटी जळाली होती. त्या संगणकाची कामे दोन. परगावच्या गिऱ्हाइकांना मूर्तींचे फोटो दाखवणे, हे सांगायचे काम. कारागिरांसाठी दिवसभर गाणी वाजवणे, हे खरे. मी प्रमिलाबाईंची जुनी पाटी त्यांच्या डब्यात बसवून दिली. गाण्यांना तेवढी पुरे होती. वसंतशेठने त्या डब्याला हळदकुंकू लावले, समोर नारळ फोडला आणि गाणी सुरू केली. सर्व भाग मार्गी लागल्याचे समाधान घेऊन मी झोपलो.

सोमवारी रोह्याहून फोन आला.

“नाना, माझं मराठी उघडंना. इंग्रजीत काय तरी लिवून येतंय. या तुमी.”

मी गेलो. पडद्यावर सूचना होती की कुलूप सापडत नाही. काडेपेटीएवढा तो ठोकळा म्हणजे त्या प्रोग्रॅमचे कुलूप होते. धंद्यात त्याला डोंगल म्हणतात. प्रोग्रॅमची चोरून नक्कल होऊ नये म्हणून पूर्वीच्या कंपन्या असे कुलूप देत. ते प्रिंटरच्या जागेत खोचलेले असेल तरच प्रोग्रॅम उघडे. आणि प्रिंटरची जागा नव्या पाटीला नाही, हे मी वर लिहिलेच आहे.

मी बाईंच्या जुन्या मजकुराची एक फाइल त्या प्रोग्रॅमशिवाय तशीच उघडून पाहिली. इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे. मराठी एक अक्षर नाही. वारस नोंदीसाठी खांब गावाहून आलेले एक म्हातारे शेतकरी बाईंच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

“बाय, ह्यात माजा बापूस कुटं हाय?”

“हाय ओ, दिसंल आता,” बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिले.

म्हातारे काही वेळ थांबले. मग काठी उचलून म्हणाले, “राग मानू नको बाय. मला परतीची गाडी हाय. मी समोर जातो.”

ते समोर गेले.  बाईंनी कळफलकावरचा कपडा सारखा केला. कचेरीसमोर माणूस एकदा दुसऱ्या ओसरीवर गेला की पुढच्या कामाला तिकडेच जातो आणि भावकीलाही तिकडेच नेतो. हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तो आठवडा मी उपाय करण्यात घालवला. प्रोग्रॅमच्या कंपनीला फोन केला. ते म्हणाले, हे उत्पादन आम्ही बंद केले आहे. पनवेलहून प्रिंटरची जागा देणारे एक जोडकार्ड आणले. नव्या पाटीने कार्ड ओळखले, कुलपाने कार्ड ओळखले नाही. नव्या पद्धतीचे मराठी बसवून दिले. बाई त्यावर बसल्या. त्यांची बोटे जुन्या जागी पडत आणि पडद्यावर भलतेच अक्षर उमटे. त्यांनी प्रथमच कळांकडे पाहून टाइप करायला घेतले. एक बोट. मग दुसरे. ओसरीवरची भरलेली बाके रिकामी झाली. मी म्हणालो, “सवय होईल. आणि यंत्राचा वेग बघा ना.”

“येग घेऊन काय करू, नाना? येग माज्या बोटांत व्हता.”

हे त्या रागाने बोलल्या नाहीत. रागाने बोलल्या असत्या तर मला उत्तर देता आले असते.

आता एकच मार्ग उरला होता. खणातली जुनी डिस्क आणि तिच्याबरोबर जुनीच पाटी. ती पाटी वसंतशेठच्या कारखान्यात गाणी वाजवत होती.

गणपतीच्या आधीचे ते दिवस. पेणमध्ये त्या दिवसांत कारखानदाराकडे काही मागायला जाणे म्हणजे काय, ते पेणकरच जाणे. दारात पाटांची चळत. आमच्याकडे गिऱ्हाईक आपला घरचा पाट आणून देते आणि त्या पाटावर त्याची मूर्ती बसते. आत रंगाचा वास, ओळीने गणपती आणि बहुतेकांना अजून डोळे नाहीत. डोळ्यांची आखणी हिरामावशी करीत. साठीची बाई, हात असा की श्वास रोखून पाहावे. त्यांच्या मागे प्रमिलाबाईंची पाटी गात होती.

मी विषय काढला. वसंतशेठने हातातली रंग फवारण्याची बंदूक खाली ठेवली.

“नाना, तुमी स्वताच बसवलाव ना? मी नारळ फोडलाय त्याला.”

“मी याहून नवा, याहून चांगला बोर्ड देतो. बदल्यात.”

“चांगला-वाईट प्रश्न नाय. एकदा बसवलं, पूजा केली, का विसर्जनाआदी हलवायचं नाय. आमचा धंदाच तो हाय. मीच मोडला नियम तर मूर्त्या सुकतील का?”

“वसंतशेठ, तो मदरबोर्ड आहे.”

“असंल. पन पूजा माजी हाय.”

संगणकशास्त्रात याला उत्तर नव्हते. मी दुसऱ्या बाजूने गेलो. म्हटले, अर्ध्या दिवसाचा प्रश्न आहे. तेवढा वेळ गाणी बंद राहतील.

यावर हिरामावशी मान न वळवता म्हणाल्या, “गानी नाय तर डोळं नाय.”

“ऐकलंव?” वसंतशेठ म्हणाले.

मी एक स्टूल ओढून बसलो. मला विनवणी करण्याची सवय नव्हती. ती वाईटच जमते हे तेव्हा कळले. मग मी प्रमिलाबाईंचे जसे झाले तसे सांगितले. पंख्याच्या घरघरीपासून एका बोटाने टाइप करण्यापर्यंत. स्वतःला वगळून सांगण्याचा प्रयत्न केला, परंतु गोष्टीत दुसरे कोणी दोषी सापडेना. टेबल बंद पडायला आले आहे, बाके रिकामी आहेत, हेही सांगितले.

हिरामावशींचा कुंचला थांबला.

“म्हंजे त्या बायचा चांगला चालता हात तुमी बंद पाडलाव?”

“हो.”

“आनि बाय गप बसून हाय?”

“हो.”

“द्या ओ त्यांचं त्यांना,” त्या वसंतशेठना म्हणाल्या. “उद्या माज्या हातातला कुंचला कोनी बदलला तर मी काय करीन? गान्याचं मी बघते. तवर मीच म्हंते.”

आणि त्यांनी लगेच एक भजन धरले. हिरामावशींचा हात दैवी होता. गळ्याबद्दल तसे म्हणता येत नाही. दुसऱ्या कडव्याला वसंतशेठ उठले.

“काढा, नाना. लवकर काढा. पन असाच न्यायचा नाय. उत्तरपूजा करून.”

वाचकांपैकी ज्यांच्या घरी गणपती येतो त्यांना उत्तरपूजा माहीत आहे. देव हलवण्याआधी त्याचा निरोप घ्यायचा असतो. मदरबोर्डसाठी ती कशी करावी, याचा विधी कोठे दिलेला नाही. आम्ही तो जागेवरच ठरवला. मी स्क्रू सोडवले, रॅमच्या पट्ट्या काढून खिशात ठेवल्या आणि पाटी एका कोऱ्या पाटावर ठेवली. वसंतशेठने हात धुतले, टोपी घातली. हळदकुंकू मी बाजूच्या रिकाम्या कोपऱ्यात लावून घेतले. फूल चालले. अक्षता टाकू नका, असे मी म्हणेपर्यंत त्या पडल्या होत्या. मग त्यांनी दह्याची वाटी मागवली.

“दही नको!” मी ओरडलो. एवढ्या मोठ्याने मी दुकानात उसनवारी मागणाऱ्यांवरही कधी ओरडलो नव्हतो.

“निरोपाला दही लागतं, नाना.”

“माझ्या हातावर घाला.”

त्यांनी माझ्या तळहातावर दही घातले. मी ते खाल्ले. वसंतशेठने पाट किंचित हलवला आणि म्हणाले, “पुनरागमनाय च.” परत येण्यासाठी जा, असा त्याचा अर्थ. मी मनात त्याला तीव्र हरकत घेतली. कारखान्यातले सगळे हात जोडून उभे होते. मीही जोडले. एका हाताला दही होते.

पाटी कोऱ्या कापडात गुंडाळून, मांडीवर धरून मी एसटीने रोह्याला निघालो. वाहकाने विचारले, “नाना, काय प्रसाद काय?” मी नाही म्हणालो. खात्री नव्हती.

प्रमिलाबाईंच्या ओसरीवर पोहोचलो तेव्हा बाकावर एकच बाई बसली होती. नवरा गेलेला, वारसाच्या अर्जासाठी आलेली. समोर मोठी रांग होती म्हणून इकडे. प्रमिलाबाई कळफलकावर वाकून एकेक अक्षर शोधत होत्या. मी त्यांना उठायला सांगितले, नवी पाटी काढली, जुनी बसवली. खणातून जुनी डिस्क काढून जोडली. रॅम बसवली. त्यांनी कुंकवाच्या डबीशेजारचे कुलूप न मागता माझ्या हातात दिले. मी ते मागे खोचले आणि बटण दाबले.

यंत्राने लांब शिट्टी मारली. पुन्हा मारली. पडदा काळाच.

रॅम नीट बसली नाही की अशी शिट्टी होते. मी पट्टी काढली, खोडरबराने घासली. या वेळी पाठ केली नाही. पुन्हा बसवली. पुन्हा शिट्टी. बाकावरची बाई उठून समोरच्या रांगेकडे पाहू लागली. प्रमिलाबाई तिला बस म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त पदर खोचला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी त्या हातांकडे पाहायचे टाळले.

चष्मा कपाळावर चढवून मी रॅमच्या खाचेत डोकावलो. तळाशी काही तरी लाल होते. चिमट्याने ओढले. वसंतशेठच्या अक्षतांपैकी तांदळाचा एक दाणा, कुंकवासकट. माझ्या धंद्यात असा दोष मी पूर्वी पाहिलेला नव्हता आणि कोणत्याही पुस्तकात तो नाही. दाणा टाकून द्यावा की कसे, हे न कळून मी तो तोंडात टाकला.

पट्टी बसवली. बटण दाबले. एकच छोटी शिट्टी झाली. निरोगी यंत्र देते ती. मग त्याने आपला नेहमीचा वेळ घेतला. पंखा घरघरू लागला. आम्ही तिघेही पडद्याकडे पाहत राहिलो. कोणी ओसरी झाडली नाही. अखेर मराठी उघडले, आणि ‘वारस नोंदीबाबत’ ही अक्षरे मला वाचता आली.

मी दोन-तीन वाक्ये तयार ठेवली होती. झाल्या प्रकाराबद्दल काही, पुढे काय काळजी घ्यावी त्याबद्दल काही. त्यांत क्षमा हा शब्दही होता. तो मी फारसा वापरत नाही. म्हणून टेबलाजवळच्या खिडकीशी उभा राहून गळा साफ केला.

प्रमिलाबाई खुर्चीत बसल्या. बाकावरच्या बाईकडे पाहून म्हणाल्या, “हं, सांग गो. मालकांचं पूर्ण नाव काय?” ती सांगू लागली. मध्येच तिचा आवाज अडकला. प्रमिलाबाईंनी तिच्यावरची नजर काढली नाही. बोटे थांबली, आवाज परत आल्यावर पुन्हा चालू लागली. कळांचा आवाज मला कौलांवरच्या पावसाहून मोठा वाटला.

मी पुन्हा गळा साफ केला.

“नाना,” त्या मान न वळवता म्हणाल्या, “जरा उजेड सोडा.”

मी बाजूला झालो.